ऑकलंड किती तासांवर?

कमलाकांत तामोरेंना अंतर विचारू नये. घिवलीहून डहाणू किती लांब, असं कुणी नवख्याने विचारलं तर ते म्हणतात, "वारा कुठला हाय त्याच्यावर." आणि मनोर किती लांब म्हटलं तर, "तिथं समुद्र नाय. मला कशाला विचारतोस?" जन्मभर बोट चालवलेला माणूस. तांडेल, म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द शेवटचा. जमिनीवर मात्र शेवटचा शब्द पुष्पलताकाकूंचा असतो, हे साऱ्या घिवलीला ठाऊक आहे. काकांच्या लेखी दोन जागांमधलं अंतर म्हणजे मधे लागणारा वेळ, आणि वेळ म्हणजे पाणी चढतंय की उतरतंय, मशीन किती दमात आहे आणि आभाळाचा रंग काय. किलोमीटर ही पॉवर हाऊसच्या साहेबांची आणि एसटीच्या कंडक्टरची भानगड.

मी केदार. गावच्या मच्छीमार सोसायटीत कारकुनी करतो. निघालेली बोट खिडकीशी नोंदवून घ्यायची, परत आली की तिच्यापुढे खूण करायची, आणि यायची वेळ टळून गेली तर आरडाओरडा सुरू करायचा, हे माझं काम. लोक मला तापट म्हणतात. म्हणोत. समुद्रावर गेलेली माणसं वेळेवर येत नसताना जो थंड डोक्याने चहा पीत बसतो, त्याला मी माणूस म्हणत नाही. काकांचं आणि माझं जमतं ते एवढ्या एका मुद्द्यावर. बाकी सगळ्या मुद्द्यांवर आम्ही भांडतो.

आमच्याकडे समुद्रावर निघालेल्या माणसाला मागून काही विचारायचं नसतं. कुठे चाललास, किती लांब जाणार, कधी येणार, काहीच नाही. बायका पाण्याचा कॅन देतील, भाकऱ्यांचं गाठोडं देतील आणि तोंड मिटून उभ्या राहतील. विचारलं की वाट अडते म्हणतात. यात तथ्य किती ते मला विचारू नका. माझ्या खिडकीशी बोटवाले दिशा सांगून जातात, सोसायटीचा नियमच आहे तसा. पण घराच्या उंबऱ्यात अजूनही कुणी तोंड उघडत नाही.

तामोरेंच्या घरात तर हे जरा जास्तच. काकांचा धाकटा भाऊ होता, देवू. ही खिडकी सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. एक दिवस तो बोट घेऊन निघाला आणि त्याची बायको शैला, नवी नवरी, ती किनाऱ्यावरून ओरडली, "कदी येणार?" देवू हसला आणि उत्तर न देता गेला. तो आलाच नाही. काका आणि गावातल्या बोटी दक्षिणेला शोधत राहिल्या, कारण देवू नेहमी दक्षिणेला जायचा. त्याची बोट सापडली उत्तरेला, पालथी पडलेली. देवू सापडला नाही. तेव्हापासून पुष्पलताकाकू मानतात की शैलाने विचारलं म्हणून देवू गेला. आणि काका मानतात की कुठल्या अंगाला चाललास हे कुणीच विचारलं नाही म्हणून देवू गेला. नवरा-बायकोने एवढी वर्षं एकाच घरात एकाच मरणाची दोन कारणं बाळगली आणि त्यावर एकदाही वाद घातला नाही. घालून करणार काय?

रिद्धी त्यांची धाकटी. बोईसरच्या एका दवाखान्यात नर्स होती. बडबडी, हट्टी, आणि बापाच्या सगळ्या खोडी जशाच्या तशा उचललेली. रात्रपाळ्या करत करत तिने परीक्षा दिल्या, आणि एक दिवस ऑकलंडच्या वृद्धाश्रमातली नोकरी घेऊन घरी आली. ऑकलंड कुठे, तर न्यूझीलंडमध्ये. काकांनी विचारलं, "समुद्र हाय का तिथं?" ती म्हणाली, "चारी बाजूंनी." काकांना तेवढं पुरलं. तिकीट, व्हिसा वगैरे सगळं तिने आणि तिच्या थोरल्या भावाने, हितेशने मिळून केलं. काका मधूनमधून काहीतरी विचारायला तोंड उघडायचे आणि काकू त्यांच्याकडे नुसत्या बघायच्या. निघायचा दिवस जवळ येत गेला तसं ते बघणं कडक होत गेलं. विमान कुठल्या कंपनीचं, मधे कुठे थांबतं, कधी पोहोचतं, यातलं एक अक्षर त्या घरात कुणी काढलं नाही. रिद्धीनेही आपण होऊन काही सांगितलं नाही. एवढ्या लांब जाताना आईचा जीव आणखी कशाला घाबरा करायचा, असं तिला वाटलं असणार.

जानेवारीतल्या संध्याकाळी ती निघाली. मी पण होतो तिथे. काकूंनी तिच्या हातावर साखर ठेवली, तोंडावरून हात फिरवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. विमानतळावर आईबाप गेले नाहीत. निघालेल्या माणसाला दारातूनच सोडायचं, ही पण त्यांची रीत. हितेशने मित्राची गाडी आणली होती. गाडीत बसता बसता रिद्धी म्हणाली, "बाबा, उतरले का फोन करते." काकांनी मान हलवली. गाडी मनोरच्या रस्त्याला लागली आणि आम्ही धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभे राहिलो.

हितेश उजाडताना परत आला तो घरी न जाता थेट किनाऱ्यावर. भरतीवर बोटी सुटत होत्या आणि त्याचे खलाशी त्याच्या नावाने शंख करत होते. काका तिथे उभेच होते. हितेश म्हणाला, "बसवली. आत गेली." आणि बोटीवर चढला. काकांनी पुढे काही विचारायचं म्हटलं तरी विचारणार कसं? पोरगा समुद्रावर निघाला होता. त्याला विचारायचं नव्हतं.

हे सगळं आता मी सांगतोय म्हणून सरळ वाटतं. त्या दिवशी कुणाच्या लक्षातही आलं नाही की रिद्धी कुठल्या वाटेने गेली हे जाणणारा एकमेव माणूस आमच्या डोळ्यांदेखत फोनच्या टप्प्याबाहेर चालला होता, आणि तोही तीन-चार दिवसांसाठी.

काकांकडे रिद्धीचा जुना फोन आहे. बटण दाबून बोलायचं आणि प्रश्न विचारायचा, एवढं तिने त्यांना शिकवून ठेवलं होतं. घरात माणसाला विचारायची चोरी, पण फोनला विचारायला कुणाची हरकत? काकू अंगणात गेल्या तशी काकांनी फोन तोंडाशी धरून विचारलं, "मुंबईपासून ऑकलंडला इमानाला किती वेळ?" फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली की हवाई अंतर सुमारे बारा हजार तीनशे किलोमीटर, आणि प्रवासाला साधारण साडेचौदा तास लागतात.

काकांनी बारा हजार सोडून दिले. साडेचौदा तास तेवढे धरले. हितेश उजाडताना परतला, म्हणजे विमान मध्यरात्रीनंतर सुटलं असणार आणि दुपारच्या चहाच्या सुमाराला पोरगी जमिनीला लागणार. तांडेलाचा हिशेब तो, पक्का झाला म्हणजे झाला.

मधला वेळ घालवायला ते फोनवर विमानं बघत बसले. त्या फोनचं असं आहे की विमान दाखव म्हटलं की तो आधी विमान कसं सुटतं ते दाखवतो, मग कसं उतरतं ते, आणि थोड्या वेळाने न विचारता विमान कसं पडतं ते दाखवायला लागतो. काका तास-दीड तास ते बघत राहिले. धूर, समुद्रात तरंगणारे तुकडे, रडणारे लोक. ते कधीचं, कुठलं, खरं की खोटं, कुणास ठाऊक. शेवटी पडद्यावर नुसतं चाक फिरायला लागलं. कंपनीचा इंग्रजीत काहीतरी मेसेज आला, तो त्यांनी वाचला नाही. फोन दमला असेल म्हणून खिशात ठेवून दिला.

दुपारी मी खिडकीशी बसलो होतो. काका आले. चेहरा असा की मला आधी वाटलं हितेशच्या बोटीचं काही झालं.

"केदार, नोंद कर," ते म्हणाले.

"कसली?"

"आलं नाय म्हणून. वेळ टळून गेली."

"कुठली बोट, काका?"

"बोट नाय. रिद्धीचं इमान."

मी हसणार होतो. दुसरा कुणी असता तर हसलोच असतो, वर दोन शब्द सुनावले असते. पण काकांनी खिडकीचा कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, वादळात सुकाणू धरतात तसा.

"विमानाला उशीर होतो, काका. एखादा तास इकडे तिकडे."

"कशानं होतो उशीर? वारा आडवा आला असेल तर? डिझेल बेतानंच भरलं असेल तर?" ते थांबले. "आणि तिथं आता रात्र हाय रे. मी सकाळीच विचारलंय फोनला. रात्रीची एकटी उतरली तर पोरगी जाणार कुठे? आणि उतरली तर फोन कसा नाय केला? बोलली होती ना ती, उतरले का करते."

मी त्यांचा फोन बघितला. रिद्धीचा ना फोन, ना मेसेज. तिचं शेवटचं काय ते काल संध्याकाळचं. मी माझ्या फोनवरून तिला लावून बघितलं तर बंद. आता माझं डोकं तापायला लागलं. मी वायरलेसवर हितेशला हाक घातली. तो टप्प्याच्या बाहेर, नुसती खरखर. दोनदा, तीनदा. काका त्या खरखरीकडे कान देऊन उभे होते.

"बोट असती तर तू काय केलं असतंस?" त्यांनी विचारलं.

"शेजारच्या बंदरांना कळवलं असतं. कोस्टगार्डला फोन केला असता."

"मंग कर."

आता कोस्टगार्डला काय सांगू? न्यूझीलंडला चाललेली पोरगी अजून पोचली नाही? पण नुसतं बसणंही शक्य नव्हतं. मी खिडकी बंद केली, स्कूटर काढली आणि म्हटलं, "चला, बोईसरला. तिकिटवाल्याला विचारू."

बोईसरच्या स्टेशनरोडला विमानाची तिकिटं काढून देणारं एक दुकान आहे. आत एक तरुण हिंदी बोलणारा माणूस बसला होता, भला वाटला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फ्लाइट नंबर बोलो."

मी काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली.

"अच्छा, कंपनी कौन सी?"

"ठाव नाय."

"टिकट का फोटो होगा मोबाइल में?"

"टिकीट तिच्या भावाकडं. तो समुद्रावर हाय."

त्या माणसाने संगणकावर काहीतरी टाकलं आणि आमच्याकडे जरा दयेने बघितलं. "चाचा, इधर से ऑकलंड सीधी कोई नहीं जाती. बीच में रुकना पड़ता है. उसी में कभी दो घंटे, कभी पूरा दिन."

"पर ये तो साडेचौदा बोला," काका म्हणाले आणि खिशातला फोन वर धरला, जणू तिथे ती बाई साक्षीला बसली होती.

"वो तो नक्शे पे सीधी लाइन खींच के बताता है. ऐसे कोई उड़ता थोड़े ही है."

मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे काही झालेलं नाही, कुठेतरी थांबली असेल. मी काकांच्या पाठीवर हात ठेवणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "थांबते कुठे?"

"वो कंपनी पे है. सिंगापूर, हाँगकाँग, क्वालालंपूर. दुबई से भी जाते हैं लोग."

"दुबई तर या अंगाला," काका म्हणाले आणि पश्चिमेला हात केला. मग पूर्वेला केला. मग हात खालीच आणला.

दुकानाबाहेर आल्यावर ते पायरीवर बसले. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, बाजूला कुणी वडे तळत होतं. मी म्हटलं, काका, ही चांगली बातमी आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "म्हंजे कुठल्या अंगाला गेली ते पण ठाव नाय मला," ते म्हणाले. "शोधायची वेळ आली तर कुठं बघायचं? देवूचं असंच झालं. आमी खाली शोधत बसलो आणि तो वर होता."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून देवूचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या पोरीला काही झालेलं नाही, असं मला मनातून वाटत होतं, पण वाटण्याला काही आधार नव्हता. सकाळपासून तिचा एक शब्द नाही, ही गोष्ट तिकिटवाल्याने काहीही सांगितलं तरी तशीच होती. कुठेतरी थांबली असली तरी फोन तिच्या हातात होता ना?

परत येताना सालवडच्या नाक्यावर कारखान्यांची पाळी सुटली होती. माणसांमधून स्कूटर हळूहळू काढत होतो, तेवढ्यात काकांचा फोन वाजला. काकांनी फोन बघितला आणि कापला.

"कोण होतं?"

"चोर. बाहेरच्या देशाचा नंबर. हितेशनं सांगून ठेवलंय, तसला नंबर आला का घ्यायचा नाय, खातं साफ करतात."

थोड्या वेळाने परत वाजला, परत कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आम्ही घिवलीच्या वळणावर होतो आणि काकांनी त्या चोराच्या आईबापांचा उद्धार केला. मी रस्त्याकडे बघत होतो. माझं लक्ष गेलं नाही ते नाहीच.

घराशी पोहोचलो तर अंगणात बायका बसलेल्या. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. बोट वेळेवर आली नाही की आमच्या बायका त्या घरी येऊन बसतात. बोलत नाहीत, विचारत नाहीत, नुसत्या बसतात. काका सोसायटीच्या खिडकीशी जाऊन आले ही बातमी गावात फिरली होती, आणि बोट असो की विमान, त्यांच्या लेखी बसायचं कारण एकच. मधे पुष्पलताकाकू होत्या. त्यांनी वर बघितलं. काकांच्या तोंडावरून त्यांना कळलं की आम्ही रिकाम्या हाताने आलोय. त्यांनी पदर तोंडाला लावला. एवढ्या बायका आणि आवाज एकीचाही नाही. अशा अंगणात मी आधीही उभा राहिलोय आणि दर वेळी मला तिथून पळून जावंसं वाटलेलं आहे.

फोन वाजला.

काका कापायला गेले, पण काकूंनी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला. काकू नंबर-बिंबर बघत नाहीत. वाजला तो फोन घ्यायचा. "कोन?" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या तोंडून नुसता श्वास आला. मी पुढे होऊन स्पीकरचं बटण दाबलं.

"आय! बाबा कुठे हायत? खरं सांग मला. बाबांना काय झालं?"

रिद्धीचा आवाज. रडून रडून बसलेला.

"कुनाला काय झालं?" काकू म्हणाल्या. "तू कुठे हायस?"

"सकाळी सिंगापूरला उतरले तेव्हापासून मेसेज टाकते, एक पण पोचत नाय. कॉल लावते, लागत नाय. दादाचा बंद. शेवटी इथल्या एका ताईंचा फोन घेऊन लावला तर कुणीतरी तीनदा कापला. आय, कोन गेलं ते सांग ना मला. लपवू नको."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तो इंग्रजी मेसेज. काकांनी सकाळी सकाळीच विमानं बघून दिवसाचा सगळा डेटा संपवला होता. पोरगी सिंगापूरला उतरली ती त्यानंतर. तिथल्या फुकटच्या इंटरनेटवरून ती दिवसभर बापाला हाका मारत होती, आणि बाप इकडे तिला शोधत फिरत होता.

"कुनी नाय गेलं, बाय," काकू म्हणाल्या. "सगळी हाव आमी."

"खोटं बोलतेस तू. मला कळतंय. मागे सगळ्या बसल्या हायत, हो ना? मला माहीत हाय तुमी कशा बसता." तिला दम लागला होता. "दुसरं विमान सुटतंय आता. सगळे आत गेले. मी एकटी बाहेर राहिलेय. मी नाय चढत. मी परत येते घरी."

"ये," काकू म्हणाल्या. क्षणभरही न थांबता. "ये बाय, ये."

मी काकांकडे बघितलं. दिवसभर त्या माणसाला एकच गोष्ट हवी होती. आता ती आपल्या पायांनी चालत येत होती. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं, दुसरं काही करायचं नव्हतं. विमान सुटलं असतं, आणि उद्या-परवा रिद्धी या अंगणात उभी असती. त्यांनी डोळे मिटले. मग हात पुढे करून काकूंच्या हातातून फोन घेतला. काकूंनी तो सहज सोडला नाही.

"रिद्धी. मी बोलतोय."

पलीकडे काही वेळ नुसतं रडणं. मग, "बाबा, तुमी बरे हाय?"

"मला काय धाड भरलीय?"

"मंग फोन का कापलात?"

"चोर वाटला."

ती रडता रडता हसली. अंगणातल्या दोन-चार बायकाही हसल्या आणि डोळे पुसू लागल्या. मला वाटलं, सुटलो. पण रिद्धीने परत विचारलं, आणि या वेळी तिचा आवाज वेगळा होता, हळू, लहानपणी शाळेला दांडी मारायची असली की काढायची तसा.

"बाबा, पण मी येऊ का परत? खरंच येऊ? मला भीती वाटते इथं."

तिच्या मागे कुणीतरी लाउडस्पीकरवर नाव घेत होतं. तामोरेचं त्यांनी काहीतरी भलतंच केलं होतं, पण तिचंच नाव होतं ते.

"अजून किती हाय पुढे?" काकांनी विचारलं.

"दहा तास."

"तुजं नाव घेतायत ते. चढ."

"बाबा..."

"चढ म्हणतो ना. उतरलीस का फोन कर. कसलाबी नंबर असू दे, मी घेतो. जा आता, त्या बाईचा फोन देऊन टाक."

फोन बंद झाला. काका खाटेवर बसले. बायका एकेक करून उठल्या. जाताना प्रत्येकीने काकूंच्या खांद्याला हात लावला. मी माझ्या फोनवरून त्यांच्या फोनचं रिचार्ज मारलं. लगेच तो वाजायला लागला. दिवसभरचे अडकलेले मेसेज एकामागून एक पडू लागले. सिंगापूरला पोचले. इथं मोठी झाडं आहेत विमानतळात. जेवले. बाबा जेवलात का. बाबा फोन घ्या. बाबा? आय? बाबा? काका म्हणाले, वाच. मी थोडे वाचले आणि पुढचे मला वाचवेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना मी मुद्दाम त्यांच्याकडे वळलो. रिद्धी पहाटे उतरली होती. तिचा फोन काकांनी पहिल्या घंटीला घेतला होता. मी गेलो तेव्हा ती परत बोलत होती, काकूंशी. आणि काकू विचारत होत्या! खोली केवढी, खिडकी कुठल्या बाजूला, थंडी किती, सोबतीण कुठली, कामाला जायला किती वेळ लागतो, किती चालायचं, किती बसने. पोहोचलेल्या माणसाला विचारायला कुठलीच मनाई नसते. त्या हसत होत्या, पोरीला दटावत होत्या, मधेच मला खुणेने बस म्हणाल्या. मला बरं वाटलं. घरावरचं काल संध्याकाळचं ओझं उतरलं असं समजून मी चहा प्यायलो.

फोन झाल्यावर त्या मागल्या दारी गेल्या. ओले बोंबील वाळत घालायचे होते. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून टाकायच्या असतात. काका पाटीतून जोडी काढून देत होते आणि काकू दोरीवर टाकत होत्या. मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा दोघांची माझ्याकडे पाठ होती.

"काल ती येत होती," काकू म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काकांनी पुढची जोडी दिली. काकूंनी ती घेतली, पण दोरीवर टाकली नाही, हातातच धरून उभ्या राहिल्या.

"येत होती ना ओ ती?"

"होय," काका म्हणाले. "येत होती."

मग काकूंनी ती जोडी दोरीवर टाकली आणि पुढचीसाठी हात मागे केला.